हार्लोचे एकोणीस जण

पार्सिपनी, न्यू जर्सी
१९ सप्टेंबर १९८२

चारू,

काल टोरांटोहून आपल्या कांचनमावशीचा फोन आला. तिकडच्या पेपरात तुझा फोटो आहे म्हणाली, हात वर केलेला, मागे लाल फलक. "आपला चारुदत्त पक्षाचा लीडर झाला, तुला त्याने कळवलंच असेल." मी हो म्हटलं. भावाने एवढी बातमी सांगितली नाही, हे मावशीपुढे कबूल करवेना.

अभिनंदन. हे मनापासून लिहिते आहे. अमरावतीच्या टपाल कचेरीतल्या, साठ सालच्या संपात नोकरी घालवून बसलेल्या कारकुनाचा मुलगा कॅनडातल्या एका प्रांताच्या समाजवादी पक्षाचा प्रमुख होतो, हे बघायला बाबा हवे होते.

जानेवारीत तू फोन आपटलास, त्याला आठ महिने झाले. मी फोन केला नाही, तूही केला नाहीस. आता तुझी निवडणूक झाली आहे, म्हणून विचारते. त्या रिपोर्टचं काय?

तुला विसर पडला असेल असं नाही, पण मला एकदा सगळं नीट लिहून काढायचं आहे. गेल्या ऑक्टोबरात तू स्वतः गाडी चालवत आमच्याकडे आलास. बरोबर बुटांचा खोका होता. तुझ्या खाणीच्या गावचा, हार्लोचा, म्हातारा डॉक्टर रिटायर होताना तो तुझ्या हवाली करून गेला होता. आत काचेच्या एकोणीस स्लाइड्स. अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणीजवळच्या मिलमध्ये काम करून मेलेल्या एकोणीस माणसांच्या फुप्फुसांचे तुकडे. "ताई, तू पॅथॉलॉजिस्ट आहेस. फक्त बघ. कुणाला बोलू नकोस," म्हणालास.

मी सहा शनिवार हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकटी बसले. मृत्यूच्या दाखल्यांवर कुठे न्यूमोनिया होता, कुठे हार्ट, कुठे सिगरेट. एकोणिसांपैकी सतरा जणांच्या फुप्फुसांत मला ते तंतू दिसले, दोन्ही टोकांना जाड, मुद्गलासारखे, लोखंडाच्या गंजाच्या रंगाचे. भोवती सगळं निबर झालेलं. डिसेंबरात तीन पानांचा रिपोर्ट टाइप करून, सही करून मी तुला पाठवला.

तू म्हणालास, "आधी नेता निवडायचं कन्व्हेन्शन होऊ दे." मी म्हटलं, ती माणसं आज सकाळीसुद्धा तीच धूळ श्वासातून घेताहेत. त्यावर तू म्हणालास, "खाण बंद झाली तर सहाशे घरं रस्त्यावर येतील, युनियन माझ्याविरुद्ध जाईल. पार्सिपनीच्या बंगल्यात बसून तुला काय कळणार?" आणि फोन ठेवलास.

आता कन्व्हेन्शन झालं. मी वाट बघते आहे.

ताई


पार्सिपनी
६ मार्च १९८३

चारू,

तुझं उत्तर मिळालं. पक्षाच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, सेक्रेटरीने टाइप केलेलं. "आपल्या शुभेच्छांबद्दल आभारी आहे." खाली तुझ्या अक्षरात मराठीत तीन शब्द: ताई, थोडं थांब.

मी ते तीन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. तुझा 'थ' अजून तसाच आहे, गाठ न मारता सोडलेला.

थांबते. का थांबते तेही सांगते. एक कारण असं, की बाहेरच्या स्लाइड्स हॉस्पिटलच्या लॅबमध्ये न विचारता तपासणं नियमात बसत नाही. तुझे जगन्नाथभाऊजी म्हणाले, "लायसन्सवर आलं तर काय करशील? आपण इथे पाहुणे नसलो तरी घरचेही नाही." दुसरं कारण तुला ठाऊक आहे. बाबांची नोकरी गेली तेव्हा मी नागपूरला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. तू कॉलेज सोडून वर्षभर जिनिंगमध्ये राबलास आणि मी शिकत राहिले. सुट्टीत घरी आले की तुझ्या भुवयांना, पापण्यांना कापूस चिकटलेला असायचा. तू माझ्याकडे काही मागितलंस तर नाही कसं म्हणू?

पण चारू, फार थांबायला लावू नकोस.

ताई


पार्सिपनी
११ जून १९८४

चारू,

अर्नी आणि हेल्मी काल सकाळी परत निघाले. तू फोनवर विचारलंस तेव्हा मी "टेस्ट चालू आहेत" एवढंच म्हटलं, कारण ते दोघं पलीकडच्या खोलीत होते. आता सांगते.

तीन आठवड्यांपूर्वी अडीच वर्षांनी तुझा आवाज ऐकला. "ताई, अर्नीचा खोकला जात नाही, इथला डॉक्टर ब्राँकायटिस म्हणतो, तुझ्याकडे पाठवू का?" मी लगेच हो म्हटलं. नंतर वाटलं, टोरांटो, मॉंट्रियल सोडून तू त्याला दोन दिवस गाडी चालवत माझ्याकडे का धाडलंस? कारण काय शोधायचं, ते मला आधीच माहीत होतं.

तुझ्या पत्रांतून हा माणूस मला कितीतरी वर्षं माहीत होता. एकोणसत्तर साली तू शाळामास्तर म्हणून त्या बर्फात उतरलास तेव्हा वरची खोली देणारा, बर्फावर कसं चालायचं ते शिकवणारा, पुढे युनियनचा अध्यक्ष झाल्यावर तुला उमेदवारीला उभा करणारा. दारात आला तेव्हा चौकट भरली. पण जिन्याच्या पाच पायऱ्या चढून कठड्याला धरून उभा राहिला. त्याच्या बायकोने, हेल्मीने, काळ्या पिठाचा पाव भाजून आणला होता. मी वरणभात केला, तर त्याने त्यावर लोणी घालून दोनदा मागून खाल्ला. तुला तिकडे सगळे चार्ली म्हणतात हे मला नव्हतं माहीत.

आमच्या चेस्ट स्पेशालिस्टने छातीतलं पाणी काढलं, बायॉप्सी केली. तुकडा माझ्याच टेबलावर आला. मी दुसऱ्या कुणाकडे दिला नाही. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर आहे, चारू. तो अ‍ॅस्बेस्टॉसनेच होतो आणि त्याला उपाय नाही. वर्ष, फार तर वर्ष.

शनिवारी दुपारी तो मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मी जाऊन सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"धुळीने?"

"हो."

"कंपनीचे लोक म्हणतात, आमच्या खाणीतली धूळ निराळी. बाकीच्यांसारखी वाईट नाही."

"ते खरं नाही."

मग तो माझ्याकडे वळला. म्हणाला, "डॉक्टर, मी माझ्यासाठी विचारत नाही. मी एकतीस वर्षं खाल्ली ती धूळ, माझं झालं ते झालं. पण आमची पोर, कॅरल, ऑक्टोबर ब्याऐंशीपासून मिलमध्ये पोती भरायच्या बॅगिंगला आहे. मीच मॅनेजरच्या मागे लागून तिला चिकटवली. आमच्या इथल्या लोकांचं काय होतंय, हे तेव्हा कुणाला माहीत होतं का?"

मी डॉक्टर आहे. त्या क्षणी एकच शब्द बोलायचा होता.

मी म्हटलं, "असं नक्की सांगता येत नाही."

त्याने मान हलवली. त्याला पटलं. "चार्लीला माहीत असतं तर त्याने सांगितलं असतं," म्हणाला.

मीही मान हलवली.

चारू, कॅरलला तिथून बाहेर काढ. बाकी काही करता येत नसेल तर निदान एवढं कर.

ताई


पार्सिपनी
२ सप्टेंबर १९८५

चारू,

नीला परवा परत आली. पिस्कॅटवेला युनिव्हर्सिटी सुरू झाली, पण तिचं मन अजून तुझ्या प्रचाराच्या व्हॅनमध्येच आहे. एकवीस वर्षांची पोर, इथे वाढलेली, माझ्याशी इंग्रजीतच बोलणारी. आता जेवताना "चारूमामा म्हणतो" असं म्हणून वाक्य सुरू करते.

तिच्याकडून सगळं कळलं. तुमचे अकरा जण निवडून आले आणि आता सरकारला तुमच्यावाचून चालायचं नाही. भाडेवाढीला आळा, एकट्या आयांना भत्ता, म्हाताऱ्यांच्या घरी जाणाऱ्या नर्सेस. "मॉम, बायका त्याचा हात धरून रडतात. यू हॅव नो आयडिया." मला कल्पना आहे. तू ढोंगी असतास तर मला हे पत्र लिहायला इतकं जड गेलं नसतं.

मार्चमध्ये अर्नी गेला तेव्हा तू चर्चमध्ये केलेलं भाषण लोकांच्या तोंडी आहे म्हणे. नीलाला ते अर्धं पाठ आहे. तिने म्हणून दाखवलं, मी भांडी विसळत ऐकलं.

"तू त्याला कधी फोनसुद्धा करत नाहीस. तुमच्यात काय झालंय?" तिने विचारलं.

"जुनं आहे," मी म्हटलं.

हेल्मीचं पत्र आलं होतं. अर्नी पाइप ओढायचा म्हणून भरपाई मंडळाने अर्ज नाकारला. तिने माझ्याकडे दाखला मागितला. मी अर्नीपुरता दिला, दोन परिच्छेद, सही-शिक्का. मंडळाने उत्तर दिलं, एका केसवरून मिलमधल्या धुळीबद्दल काही सिद्ध होत नाही. एका केसवरून. बाकीचे सतरा जण माझ्या कपाटात आणि तुझ्या कपाटात आहेत.

कॅरलला तू तुझ्या ऑफिसात नोकरी देऊ केलीस, हेही नीलाकडून कळलं. तिने नको म्हटलं, मिलमध्ये दुप्पट पगार आहे. बरोबरच आहे. का सोडायची ते तू तिला सांगितलंच नसशील.

मला आता झोप कमी लागते, पण ते वयानेही असेल.

ताई


पार्सिपनी
२३ नोव्हेंबर १९८६

चारू,

गुरुवारी नीलाचा फोन आला. ग्रॅज्युएट झाल्या झाल्या ती तुझ्या ऑफिसात नोकरीला आली, तेव्हाच मला भीती वाटली होती. पण काय कारण सांगून अडवणार होते?

तुमचा धुळीचा कायदा वसंतात पास झाला. प्रांतातल्या सगळ्या गिरण्या, खाणी, कारखाने त्यात आले. फक्त हार्लोला नव्वद सालापर्यंत सूट. त्या सवलतीचे कागद लावायचं काम तू नीलाला दिलंस. त्या फाइलमागे माझा रिपोर्ट निघाला.

फोनवर हॅलो नाही, काही नाही. "मॉम, ही सही तुझी आहे?"

"हो."

"डिसेंबर एटी-वन?"

"हो."

"अर्नी आपल्या घरी आला तेव्हा तुला हे माहीत होतं."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मामाला विचारलं तर म्हणतो, आईला विचार. आता तू सांग, मी कुणाला विचारू?" मग ती मराठीत बोलली. शेवटची मराठीत कधी बोलली होती आठवत नाही. "आई, मी तिथल्या प्रत्येक घरात त्याच्यासाठी मत मागितलं. कॅरलच्या घरातसुद्धा."

तिने नोकरी सोडली, हे तुला माहीत आहेच. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी येणार नाही म्हणाली. मैत्रिणीकडे जाणार आहे. कुठल्या, ते सांगितलं नाही.

तुझे भाऊजी म्हणतात, आता जे व्हायचं ते होऊन जाऊ दे. ते पहिल्यांदा असं म्हणाले.

म्हणून हे पत्र. तुझ्याकडे नव्या वर्षापर्यंत वेळ आहे. तू स्वतः हार्लोला जा, युनियनच्या हॉलमध्ये उभा राहा आणि रिपोर्ट वाचून दाखव. तू सांगितलंस तर मी तुझ्याशेजारी उभी राहीन आणि मीही गप्प बसले होते असं सांगेन. नाही सांगितलंस तर मी एकटी जाईन.

ताई


हार्लो
१५ फेब्रुवारी १९८७

चारू,

हे मोटेलमधून लिहिते आहे. बस उद्या सकाळी आहे.

जानेवारीत तुझा फोन आला. "मार्चपर्यंत थांब, ताई. हार्लोची सूट काढायची बोलणी चालू आहेत. आता हे बाहेर आलं तर सरकार पडेल आणि कायदाच जाईल." खरंच बोलणी चालू असतील. तू माझ्याशी खोटं बोलतोस असं मला कधी वाटलं नाही. प्रत्येक वेळी तुझं 'थांब' खरं होतं, आणि त्यामागे कुणाचं ना कुणाचं भलं होतं. असं थांबत थांबत पाच वर्षं गेली.

हेल्मीच्या स्वयंपाकघरात मी दुपारी पोचले. ती मला बघून आनंदली, मिठी मारली. कॉफी केली. कॅरल पहिल्या पाळीहून नुकतीच आली होती, उंच, बापासारख्या रुंद खांद्यांची. डोक्याचा रुमाल सोडून तिने दाराबाहेर झटकला. मला ते बघवलं नाही. मी कॉफीला हात न लावता रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. बुटांचा खोका, सहा शनिवार, तुझा फोन, माझं अंगणातलं उत्तर. एका दमात सांगितलं, नाहीतर जमलं नसतं.

हेल्मी म्हणाली, "तुमच्या टेबलावर बसून आम्ही जेवलो. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि चार्लीला?"

"माझ्याइतकंच."

ती उठली, न प्यायलेल्या कॉफीचे कप सिंकमध्ये ओतले, धुतले, पुसून फडताळात ठेवले. आमच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "शेवटच्या दिवशी अर्नीने चार्लीचा हात धरला होता. मी बाहेर जाऊन बसले. म्हटलं दोघांना मोकळेपणी बोलू दे."

कॅरल रिपोर्ट वाचत होती. तिने तारखेवर बोट ठेवलं. "मी लागले त्याच्या दहा महिने आधी," म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. दुकानात पावती तपासताना माणूस बोलतो तसं बोलली. "डॅडने मॅनेजरला मासे नेऊन दिले होते माझ्या नोकरीसाठी."

मी माफी मागायला गेले तर हेल्मीने हात वर केला. "नको. कागद इथे ठेवा आणि जा."

मी निघाले. बाहेर फार थंडी होती. मिलच्या धुराड्याभोवती छपरांवर जो पांढरा थर दिसतो, त्यात बर्फ किती आणि धूळ किती ते मला सांगता आलं नाही.

तू इथे तेरा वर्षं राहिलास. या लोकांनी तुला घरात घेतलं. यांचं आपण काय देणं लागतो, हे मला तुझ्याआधी कळायला नको होतं.

ताई


पार्सिपनी
२२ मे १९८८

चारू,

तुझा पत्ता कांचनमावशीकडून मिळवला. टोरांटोत एका तळघरातल्या खोलीत राहतोस आणि नव्याने आलेल्या लोकांना इंग्रजी शिकवतोस, एवढंच तिला माहीत आहे. मागची दोन पत्रं न उघडता परत आली. हे तरी उघड.

हेल्मीने रिपोर्ट पेपरला दिला त्याच आठवड्यात तू लीडरपद सोडलंस. पुढचं तुला माहीत आहे. पण सप्टेंबरात चौकशी समितीपुढे जे झालं, त्यावर आपण कधी बोललो नाही. समितीच्या वकिलाने तुला विचारलं, रिपोर्ट दाबण्यात बहिणीचा हात होता का? तू शपथेवर म्हणालास, "नाही. ती जाहीर करा म्हणत होती. बोललीस तर तुझं लायसन्स जाईल, अशी धमकी देऊन मी तिला गप्प केलं."

तू मला कधीच धमकी दिली नाहीस. लायसन्सची भीती तुझे भाऊजी बोलले होते, आणि माझ्या स्वतःच्या मनात होती. तू दुसऱ्या रांगेत येऊन बसलास, माझ्याकडे बघितलं नाहीस. मग माझं नाव पुकारलं गेलं. त्यांनी विचारलं, तुमच्या भावाने सांगितलं ते बरोबर आहे ना? मी हो म्हटलं. तू तीन वाक्यांत मला वाचवलंस आणि मी पुन्हा गप्प बसले. नियम मोडल्याबद्दल सहा महिने सस्पेन्शन, बस. हॉस्पिटलने परत घेतलं नाही, पण पिस्कॅटवेच्या एका छोट्या लॅबमध्ये काम मिळालं आहे.

आता खरं कारण लिहिते, जे त्या आधीच्या पत्रांत लिहिलं नव्हतं. त्र्याऐंशीच्या संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाने माझा सत्कार केला होता. शाळेच्या हॉलमध्ये दोनशे माणसं. मंडळाच्या अध्यक्षांनी ओळख करून दिली, "कॅनडातल्या एका पक्षाचे नेते चारुदत्त यांच्या भगिनी." मी इथे वीस वर्षं डॉक्टर आहे, पण त्या दिवसापर्यंत मला मंडळात कुणी ओळखत नव्हतं. शालीवर श्रीफळ घेऊन मी खाली उतरले आणि वाटलं, याला अजून मोठा होऊ दे. तुझं ते 'थोडं थांब' आलं तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं, चारू. जिनिंगच्या त्या वर्षाची आठवण मी तुला लिहिली ती खरीच आहे, पण मी थांबले ते त्यासाठी नाही.

हार्लोची खाण जानेवारीत बंद झाली. आपल्यामुळे नाही. जगात अ‍ॅस्बेस्टॉस कुणी घेईना, म्हणून कंपनीने टाळं लावलं. ज्या सहाशे घरांसाठी तू थांबलास त्यांतली चारशे रिकामी आहेत. तिथल्या लोकांचा तुझ्यापेक्षा माझ्यावर राग जास्त आहे असं ऐकते. सतरा घरांना पेन्शन सुरू झालं, अर्नीचं अठरावं. हेल्मीने ते घेतलं. मला तिने पुन्हा पत्र लिहिलं नाही.

नीला रविवारी फोन करते. हवा, नोकरी, भाड्याची खोली. दहा मिनिटं. तुझं नाव ती काढत नाही, मीही काढत नाही. कधीतरी काढेल.

पण हे सगळं सांगायला मी पत्र लिहायला घेतलं नव्हतं. मंगळवारी कॅरल आली होती.

आता ती बफेलोला एका बेकरीत काम करते. लग्न झालंय, दोन महिन्यांचं बाळ आहे. फेब्रुवारीत मी तिला लिहिलं होतं, वर्षातून एकदा तपासणीला ये, इथला चेस्ट स्पेशालिस्ट माझ्या शब्दावर तुला बघेल. उत्तर आलं नाही. मंगळवारी ती थेट लॅबच्या दारात उभी.

एक्स-रे काढला, श्वासाची टेस्ट केली. स्पेशालिस्टबरोबर बसून मीही फिल्म बघितली. स्वच्छ आहे. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मला काही झालं नाही."

"आज नाही," मी म्हटलं. "पण ही धूळ फार वर्षांनी बोलते."

कोटाची बटणं लावता लावता तिने विचारलं, "समितीपुढे चार्ली तुमच्याबद्दल खोटं बोलला ना?"

"हो. आणि मी ते चालू दिलं."

"आईला तेव्हाच कळलं होतं. ती म्हणाली, चार्लीने आयुष्यात एक गोष्ट तरी फक्त घरच्या माणसासाठी केली." हे तिने कडवटपणे म्हटलं की कसं, मला कळलं नाही. तू तिला लहानपणापासून ओळखतोस, तुला कदाचित कळेल.

मग तिने विचारलं, "किती वर्षं यावं लागेल मला?"

"वीस. कदाचित तीस."

"तीस वर्षांनी तुम्ही किती वर्षांच्या असाल?"

"एकोणऐंशी."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, गाडी विकत घेताना बघतात तसं. "मग तब्येत सांभाळा," म्हणाली. "आता दुसऱ्या कुणाला सगळं पहिल्यापासून सांगत बसायची माझी ताकद नाही."

ती हसली नाही. मी कार्डावर पुढच्या मे महिन्यातली तारीख लिहून दिली, आणि तिने ते पर्समध्ये नीट ठेवलं.

ताई